पीडीएफमधल्या चित्रांना पर्यायी मजकूर: काय लिहायचं, कुठे लावायचं, कसं तपासायचं

स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून पीडीएफ ऐकणाऱ्या माणसापर्यंत चित्र तीन तऱ्हांनी पोचतं. चित्राला टॅग, म्हणजे फाइलीतली ‘हे चित्र आहे’ अशी न दिसणारी खूण, आहे आणि टॅगवर मजकूर आहे, तर ‘ग्राफिक’ असा शब्द ऐकू येतो आणि पाठोपाठ तो मजकूर. टॅग आहे पण मजकूर नाही, तर नुसतंच ‘ग्राफिक’. इथे काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. आणि टॅगच नसेल तर सरळ पुढचा परिच्छेद सुरू होतो. ही शेवटची तऱ्हा सगळ्यांत वाईट, कारण आपल्याकडून काही सुटलं याचा ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ सापडेल: पीडीएफमध्ये पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, चित्राला चिकटलेला नसतो, टॅगला चिकटलेला असतो. पीडीएफ फाइलीत दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. पानावर काय, कुठे, कोणत्या रंगात उमटायचं याच्या सूचना ही एक. शीर्षक कोणतं, परिच्छेद कोणता, चित्र कोणतं आणि वाचायचा क्रम काय, हे सांगणारी टॅगांची उतरंड ही दुसरी. ही उतरंड २००१ साली पीडीएफच्या १.४ या आवृत्तीत आली, पण आजही ती ऐच्छिकच आहे. ती नसलेली पीडीएफ डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसते. म्हणून तर टॅग गळाले तरी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

चित्राच्या टॅगचं नाव ‘फिगर’. पर्यायी मजकूर हा त्याचा एक गुणधर्म. वेब आशय सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला १.१.१ हा पहिलाच निकष तो मागतो, तोही सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीवर. सुलभ पीडीएफसाठी २०१२ साली आलेलं ‘पीडीएफ/यूए’ हे मानकही तो मागतं.

आधी ठरवा: हे चित्र इथे कशासाठी आहे?

मजकूर लिहायला बसण्याआधी दस्तऐवजातल्या सगळ्या चित्रांची यादी करा. एका तक्त्यात पान क्रमांक, चित्र, त्याचं तिथलं काम आणि पर्यायी मजकूर असे चार रकाने पुरतात. दस्तऐवज मोठा असेल तर हा तक्ता विषयाच्या जाणकाराकडून भरून घ्या. पान मांडणाऱ्याला आलेखाचा अर्थ माहीत असेलच असं नाही, आणि शेवटच्या दिवशी त्याच्या गळ्यात हे काम पडलं की ‘आलेख १’, ‘आलेख २’ असले मजकूर जन्माला येतात.

काम ओळखायची सोपी कसोटी: हा दस्तऐवज तुम्ही कुणाला फोनवर वाचून दाखवताय असं समजा. चित्रापाशी आल्यावर काय बोलाल? जे बोलाल तोच पर्यायी मजकूर. काहीच न बोलता पुढे जाल, तर ते चित्र सजावटीचं.

चित्र तेच, पण जागा बदलली की मजकूर बदलतो. एक परिचारिका लहान मुलीला दंडावर लस टोचते आहे, असा फोटो घ्या. लसीकरणाच्या माहितीपत्रकात ‘परिचारिका लहान मुलीच्या दंडावर लस टोचते आहे, मुलगी आईच्या मांडीवर बसली आहे.’ एवढं भरपूर झालं. तोच फोटो परिचारिकांच्या प्रशिक्षण पुस्तिकेत आला तर तिथे आई आणि मांडी बिनमहत्त्वाची. तिथे हवं ते असं: ‘सुई दंडाच्या वरच्या भागातल्या स्नायूत ९० अंशांच्या कोनात शिरलेली, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलेली.’ आणि तोच फोटो वार्षिक अहवालाच्या दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या पानावर नुसता शोभेसाठी असेल, तर मजकूर नकोच.

सजावटीच्या चित्रांबाबत वेबपानं बनवणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. तिथे सजावटीच्या चित्राला रिकामा पर्यायी मजकूर द्यायची रीत आहे. पीडीएफमध्ये तसं करू नका. रिकाम्या मजकुराचा फिगर टॅग ही इथे चूक धरली जाते. शोभेचं चित्र टॅगांच्या उतरंडीतून बाहेर काढून ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून नोंदवायचं असतं. पार्श्वभूमीची नक्षी, विभागरेषा, प्रत्येक पानावर पुन्हा येणारं बोधचिन्ह, हे सगळं आर्टिफॅक्ट. बोधचिन्ह पहिल्यांदा जिथे येतं तिथे मात्र त्याला मजकूर द्या, निदान संस्थेचं नाव तरी शेजारी अक्षरांत छापलेलं नसेल तेव्हा.

लिहिताना

सुरुवात ‘या चित्रात’ किंवा ‘छायाचित्र:’ अशी करू नका. स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ आधीच म्हणालेला असतो. प्रकार महत्त्वाचा असेल तेव्हाच सांगा: नकाशा, स्तंभालेख, व्यंगचित्र, जुनं हस्तलिखित. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या चार-पाच शब्दांत येऊ द्या, कारण पुढचं नको असेल तर ऐकणारा तिथूनच पुढे सरकतो. शेवटी पूर्णविराम द्या. तो नसला तर कृत्रिम आवाज चित्राचं वर्णन आणि पुढचं वाक्य एका दमात वाचून टाकतो.

लांबी एक ते दोन वाक्यं. हा संकेत निव्वळ शिष्टाचार नाही, त्याला तांत्रिक कारण आहे. पर्यायी मजकूर ही एकच सलग अक्षरमाळ असते. तिच्यात शीर्षक, यादी, तक्ता काहीही मांडता येत नाही. मुख्य मजकुरासारखं परिच्छेद-परिच्छेदाने मागे-पुढे फिरणंही तिथे जमत नाही, आणि एखादा आकडा निसटला तर ऐकणाऱ्याला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. म्हणून दोनशे शब्दांचं वर्णन तिथे कोंबण्यापेक्षा ते मुख्य मजकुरात, चित्राच्या लगेच खाली किंवा परिशिष्टात द्या आणि पर्यायी मजकुरात त्याची जागा सांगा. ओळ तोडण्यासाठी एंटर मारू नका. चित्राखालची ओळ शब्दशः पुन्हा लिहू नका. ती तशीही वाचली जातेच.

आलेखाचं उदाहरण जवळून पाहू. समजा, एका वाचनालयाच्या अहवालात चार तिमाहींतल्या नव्या सभासदांचा स्तंभालेख आहे: ४१०, ४३५, २९० आणि ४६०. ‘सभासदांचा आलेख.’ हा मजकूर तपासणीत पास होईल, पण तो काहीच सांगत नाही. ‘निळ्या रंगाचे चार उभे स्तंभ, डावीकडून दुसरा पहिल्यापेक्षा थोडा उंच…’ हा खूप बोलतो, पण बोलतो रंगाबद्दल. आलेख काढला तो कशासाठी? घसरण आणि भरपाई दाखवायला. म्हणून: ‘स्तंभालेख: नवे सभासद पहिल्या तिमाहीत ४१०, दुसरीत ४३५, तिसरीत घसरून २९०, चौथीत वर्षातले सर्वाधिक ४६०.’ हेच आकडे खाली तक्त्यात दिलेले असतील तर पुन्हा सांगू नका: ‘नव्या सभासदांचा स्तंभालेख: तिसऱ्या तिमाहीत मोठी घट, चौथीत उच्चांक. आकडे खालच्या तक्त्यात.’ आकडे चाराऐवजी चाळीस असतील तर तक्ता देण्याला पर्याय नाही, आणि त्याचा फायदा डोळस वाचकालाही होतो.

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. प्रवाहआकृतीत बाण कुठून कुठे जातात ते महत्त्वाचं. पायऱ्या मुख्य मजकुरात क्रमांकाने लिहा आणि ‘होय’, ‘नाही’ झाल्यावर कोणत्या पायरीवर जायचं ते स्पष्ट सांगा. नकाशात रस्त्यांची नावं वाचत बसू नका, तो जे दाखवतो ते सांगा. सहीच्या चित्राला ‘सही’ एवढंच नको, कुणाची आणि कोणत्या पदावरच्या व्यक्तीची ते हवं. क्यूआर कोडचा पर्यायी मजकूर म्हणजे तो कुठे नेतो ते, आणि शेजारी तोच पत्ता दुव्याच्या रूपात. चित्रच दुवा असेल तर चित्र कसं दिसतं ते नको, दाबल्यावर काय उघडतं ते सांगा. तक्त्याचं किंवा परिपत्रकाचं चित्र चिकटवलेलं असेल, तर पर्यायी मजकूर हा त्यावरचा उपाय नाही. तक्ता तक्ता म्हणून आणि परिपत्रक मजकूर म्हणून पुन्हा घालायला हवं.

गणिती सूत्र चित्रासारखं आलं असेल तर त्याचा टॅग ‘फॉर्म्युला’ असतो, त्यालाही मजकूर लागतो. सूत्र मोठ्याने जसं वाचाल तसं लिहा: ‘एक्सचा वर्ग अधिक दोन एक्स, भागिले तीन’. स्वल्पविरामाने कंसाची हद्द कळते.

आणखी एक बारकावा. प्रकरणाच्या सुरुवातीचं मोठं नक्षीदार अक्षर चित्र म्हणून घातलेलं असतं. त्याला पर्यायी मजकूर दिला तर शब्द तुटतो. ‘ग्राफिक पा’ आणि मग ‘ऊस’ असं ऐकू येतं. अशा ठिकाणी ‘अ‍ॅक्चुअल टेक्स्ट’ हा वेगळा गुणधर्म वापरायचा. पर्यायी मजकूर चित्राचं वर्णन करतो. अ‍ॅक्चुअल टेक्स्ट म्हणजे ‘हे चित्र नव्हेच, ही अक्षरं आहेत’ असं सांगणं.

काम मूळ फाइलीतच करा

पीडीएफ बनवून झाल्यावर अ‍ॅक्रोबॅट या अडोबीच्या पीडीएफ-संपादकात मजकूर घालता येतो, पण मूळ फाइलीत एक स्वल्पविराम बदलून पीडीएफ पुन्हा काढली की ती सगळी मेहनत वाया जाते. मूळ फाइल हाताशी असेल तर तिथेच काम करा.

वर्डमध्ये चित्रावर उजवी क्लिक करून ‘व्ह्यू ऑल्ट टेक्स्ट’ किंवा ‘एडिट ऑल्ट टेक्स्ट’ निवडा. उजवीकडे पट्टी उघडते, तिथे मजकूर लिहा. शोभेच्या चित्रासाठी त्याच पट्टीत ‘मार्क अ‍ॅज डेकोरेटिव्ह’ची चौकट आहे. जुन्या वर्डमध्ये ‘टायटल’ आणि ‘डिस्क्रिप्शन’ असे दोन रकाने दिसतात. मजकूर डिस्क्रिप्शनमध्ये घाला. वर्ड कधी कधी स्वतःच एक वर्णन टाकून देतो आणि खाली ते आपोआप तयार झाल्याची इंग्रजी ओळ जोडतो. ती ओळ राहिली तर ऐकणाऱ्याला प्रत्येक चित्रापाशी तीच ऐकावी लागते. अशी वर्णनं कच्चा मसुदा म्हणूनही जपून वापरा: समोर माणूस आणि टेबल आहे हे यंत्राला कळतं, पण तो माणूस इथे का आहे हे कळत नाही, आणि आलेखातले आकडे ते बिनदिक्कत चुकवतं.

मग चित्राची बैठक बघा. ‘रॅप टेक्स्ट’मध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडा. तरंगतं चित्र पानावर जिथे दिसतं तिथेच त्याचा टॅग पडेल याची खात्री नसते. तिसऱ्या परिच्छेदाचा आलेख पाचव्यानंतर वाचला जातो. बाण आणि चौकोन जोडून वर्डमध्येच काढलेल्या आकृतीचे सगळे तुकडे निवडून ‘ग्रुप’ करा आणि मजकूर गटाला द्या. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ती आकृती कापून ‘पेस्ट स्पेशल’ने एकसंध चित्र म्हणून त्याच जागी, ओळीत बसवणं.

शीर्षपट्टी आणि तळपट्टीतलं सगळं पीडीएफमध्ये आर्टिफॅक्ट होतं. म्हणजे शीर्षपट्टीतल्या बोधचिन्हाला कितीही सुंदर मजकूर दिला तरी तो कुणाला ऐकू येणार नाही. संस्थेचं नाव फक्त तिथेच असेल तर ते पहिल्या पानाच्या मुख्य भागात आणा.

आता सगळ्यांत जास्त फायली जिथे वाया जातात ती पायरी. ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफचा छापक निवडू नका. छापताना फक्त पानावर उमटणाऱ्या खुणा जातात, टॅग जात नाहीत, आणि टॅग गेले की पर्यायी मजकूरही गेला. ‘फाइल’, ‘सेव्ह अ‍ॅज’, प्रकार पीडीएफ, मग ‘ऑप्शन्स’ उघडून ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’वर खूण आहे ना ते बघा. तिथेच ‘बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड’ असा पर्याय असतो. त्यावरची खूण काढा, नाहीतर एखाद्या फॉन्टचा मजकूरच चित्र होऊन बसतो. मॅकवर जतन करताना दोन पर्याय येतात, त्यातला ‘बेस्ट फॉर इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूशन अँड अ‍ॅक्सेसिबिलिटी’ घ्या.

लिबरऑफिस रायटरमध्ये चित्राच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ऑप्शन्स’ टॅबवर पर्यायी मजकुराचा रकाना आहे, ७.५ आवृत्तीपासून तिथे ‘डेकोरेटिव्ह’ची चौकटही आली. निर्यात करताना ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ’च्या पहिल्याच टॅबवर ‘युनिव्हर्सल अ‍ॅक्सेसिबिलिटी’चा पर्याय निवडा. तो निवडला की टॅग येतातच.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट निवडून ‘ऑब्जेक्ट’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्स’ उघडा. ‘ऑल्ट टेक्स्ट’ टॅबवर उगम ‘कस्टम’ करून मजकूर लिहा. सजावट असेल तर शेजारच्या ‘टॅग्ड पीडीएफ’ टॅबवर ‘आर्टिफॅक्ट’ निवडा. ही खिडकी उघडी ठेवूनच पुढच्या चौकटीवर क्लिक करता येतं, त्यामुळे तक्ता शेजारी ठेवला तर काम झपाट्याने होतं. मग चौकटीच्या वरच्या कडेवरचा निळा चौकोन ओढून मजकुरात योग्य जागी सोडा, म्हणजे चित्र त्या जागेला बांधलं जातं आणि वाचताना तिथेच येतं. निर्यात करताना ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर खूण हवी.

हातात फक्त पीडीएफ असेल तर

आधी प्रत काढून ठेवा. टॅगांशी खेळताना केलेला बदल दर वेळी मागे घेता येतोच असं नाही. मग ती अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबून फाइलीची माहिती उघडा. तळाशी ‘टॅग्ड पीडीएफ’समोर ‘येस’ आहे की ‘नो’ ते दिसतं. एवढं मोफतच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्येही बघता येतं. पुढचं काम मात्र अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये.

१. टॅग नसतील तर ‘प्रिपेअर फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या साधनातून आपोआप टॅग लावून घ्या. ही फक्त सुरुवात असते. यंत्र रेषेला चित्र समजतं आणि चित्राला परिच्छेद.

२. ‘व्ह्यू’ मेनूतून टॅगांचं पॅनेल उघडा आणि त्याच्या मेनूत ‘हायलाइट कन्टेन्ट’ चालू करा. आता एकेका टॅगवर गेलात की पानावर त्याच्याभोवती चौकट उमटते. पॅनेलमध्ये वरून खाली बाणाने चालत जा. प्रत्येक चित्रासाठी एकच फिगर टॅग आहे का आणि तो योग्य जागी आहे का, हे बघायचं.

३. एखादं चित्र टॅगाविना राहिलं असेल तर ते पानावर निवडा, पॅनेलमध्ये ‘क्रिएट टॅग फ्रॉम सिलेक्शन’ घ्या, प्रकार फिगर द्या आणि तयार झालेला टॅग ओढून त्याच्या परिच्छेदानंतर ठेवा.

४. शोभेच्या चित्राच्या आशयावर उजवी क्लिक करून ‘चेंज टॅग टू आर्टिफॅक्ट’. मागे रिकामा फिगर टॅग उरला तर तो पुसा.

५. उरलेल्या प्रत्येक फिगरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘ऑल्टरनेट टेक्स्ट’च्या रकान्यात मजकूर. चित्रं पुष्कळ असतील तर ‘अ‍ॅड ऑल्टरनेट टेक्स्ट’ हे साधन एकामागून एक चित्र समोर आणतं. पण ते फक्त फिगर टॅग असलेली चित्रंच दाखवतं. त्यात बारा चित्रं आली म्हणजे दस्तऐवजात बाराच आहेत असं समजू नका. दुसरी पायरी म्हणूनच आधी.

एका चित्राचे चाळीस तुकडे

वेक्टर आकृती, म्हणजे सुट्या रेषा आणि आकार जोडून काढलेली आकृती, किंवा नकाशा असला की पॅनेलमध्ये एकाखाली एक फिगरांची रांग लागलेली दिसते: एक बाण, एक चौकोन, एक रेघ. प्रत्येकाला मजकूर मागितला जातो आणि वैतागून सगळ्यांना तोच मजकूर चिकटवला जातो. मग ऐकणाऱ्याला ‘पाणीपुरवठ्याची आकृती’ चाळीस वेळा ऐकावी लागते. तसं करू नका. प्रत्येक फिगर उघडून त्यातला आशय पहिल्या फिगरमध्ये ओढा, रिकामे झालेले टॅग पुसा, मजकूर त्या एकालाच द्या. आत तुकडे कोणत्या क्रमाने पडले याची फिकीर नको, वाचला जातो तो वरचा मजकूर.

अ‍ॅक्रोबॅटच्या ‘रीडिंग ऑर्डर’ साधनाने आकृतीभोवती चौकट ओढून ‘फिगर’ बटण दाबलं तरी हे काम झटक्यात होतं, पण तिथे एक खड्डा आहे. चौकट जरा मोठी पडली तर शेजारच्या परिच्छेदाची ओळ चित्रात ओढली जाते. आणि फिगर टॅगला मजकूर दिला की त्याच्या पोटातलं बाकी सगळं मुकं होतं. ती ओळ पानावर दिसत राहते, ऐकायला मात्र कधीच येत नाही.

हाच नियम दुसरीकडेही डसतो. परिच्छेदाच्या किंवा विभागाच्या टॅगला कुणी चुकून पर्यायी मजकूर दिला, तर तो अख्खा विभाग गप्प होतो. चित्राखालची ओळ फिगरच्या पोटात असली तर काही स्क्रीन रीडर ती गिळतात. ती फिगरच्या बाहेर, लगेच पुढे ठेवणं बरं. अ‍ॅक्रोबॅटच्या तपासणीतली ‘नेस्टेड ऑल्टरनेट टेक्स्ट’ ही तक्रार याच गोष्टीची असते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, तिच्यामागे बहुधा हरवलेला मजकूर असतो.

स्कॅन केलेली पानं

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान म्हणजेच एक चित्र. त्या चित्राला ‘पान १’ असा मजकूर देऊन भागत नाही. आधी अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, चालवा. त्यानंतर चित्रामागे न दिसणारा मजकुराचा थर बसतो; टॅग त्या थराला लागायला हवेत आणि पानभर पसरलेलं चित्र आर्टिफॅक्ट व्हायला हवं. ते फिगर राहिलं आणि त्याला मजकूर दिला, तर पानापानाला एक निरर्थक ‘ग्राफिक’ ऐकू येत राहतो. देवनागरी जोडाक्षरं आणि रफार ओळखताना चुका होतात, म्हणून ओळखलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालाच.

मराठी मजकुराच्या दोन अडचणी

पहिली, भाषेची खूण. स्क्रीन रीडर आवाज निवडतो तो टॅगवर किंवा संपूर्ण दस्तऐवजावर नोंदवलेल्या भाषेवरून. दस्तऐवजाची भाषा इंग्रजी राहिली असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातो, आणि ऐकणाऱ्याच्या संगणकात मराठी आवाज असूनही त्याला नीट ऐकू येईलच याचा भरवसा नाही. फाइलीच्या माहितीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर भाषेचा रकाना आहे. यादीत मराठी दिसली नाही तर तिथे ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन लहान रोमन अक्षरं थेट टाइप करा, तो मराठीचा संकेत आहे. मराठी दस्तऐवजात एखादंच चित्र इंग्रजी मजकुराचं असेल तर त्या टॅगच्या प्रॉपर्टीजमध्ये वेगळी भाषा देता येते.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टांची. युनिकोड नसलेल्या फॉन्टांत मराठी अक्षर हे खरं तर रोमन अक्षराला चढवलेला देवनागरी मुखवटा असतो. पर्यायी मजकुराला फॉन्ट नसतोच, तिथे फक्त अक्षरांचे संकेतांक साठतात. त्यामुळे जुन्या फॉन्टातलं वर्णन तिथे चिकटवलं की मुखवटा गळून पडतो आणि रोमन अक्षरांची खिचडी उरते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा किंवा आधी रूपांतर करून मग चिकटवा. मुख्य मजकूरही जुन्या फॉन्टात असेल तर चित्रांच्या आधी त्याच्याकडे वळा, कारण त्या दस्तऐवजातलं एक वाक्यही ऐकण्याजोगं नसणार.

तपासणी: यंत्राने आणि मग कानाने

अ‍ॅक्रोबॅट प्रोमधली संपूर्ण तपासणी चालवा. ‘फिगर्स ऑल्टरनेट टेक्स्ट’ नापास असेल तर उजव्या क्लिकने नेमकं चित्र सापडतं. दुसरं चांगलं साधन म्हणजे पॅक: मोफत, पण फक्त विंडोजवर चालतं. ते पीडीएफ/यूएचे यंत्राने तपासता येण्याजोगे नियम तपासतं आणि स्क्रीन रीडरला दस्तऐवज कसा दिसतो त्याची झलकही देतं. फिगरला ‘बाउंडिंग बॉक्स’ नाही अशी तक्रार पॅक कधी कधी करतं. चित्र पानावर किती जागा व्यापतं त्याची ती नोंद. बहुधा हाताने बनवलेल्या टॅगांत ती राहून जाते. रीडिंग ऑर्डर साधनाने ते चित्र पुन्हा फिगर म्हणून नोंदवलं की ती भरली जाते. मात्र तसं केल्यावर मजकूर जागेवर आहे ना ते परत बघा.

पण यंत्र काय तपासतं हे ध्यानात ठेवा: रकाना भरलेला आहे की नाही, एवढंच. त्यात चित्राच्या फाइलीचं नाव असलं, किंवा नुसतं एक टिंब असलं, तरी हिरवी खूण मिळते. पीडीएफ/यूए तपासणीसाठीच्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉलमध्ये ३१ मुद्द्यांखाली १३६ चुका नोंदवल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी माणसानेच तपासायच्या आहेत.

म्हणून शेवटी ऐकाच. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावा आणि फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. टॅग नसल्याची सूचना देणारी खिडकी उघडली तर तिथेच थांबून मागे फिरा. नाहीतर जी हे अक्षर दाबत चित्रांवरून चित्रांवर उड्या मारा; शिफ्ट धरून जी दाबलं की मागचं चित्र. यादीतली सगळी चित्रं येतात का, शोभेची गप्प राहतात का, ते कळेल. मग इन्सर्ट धरून खालचा बाण दाबा आणि एक-दोन पानं सलग ऐका. चित्र चुकीच्या परिच्छेदानंतर येणं, खालची ओळ दोनदा ऐकू येणं, वाक्य मध्येच तुटणं, हे सलग ऐकतानाच समजतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरमधली ‘रीड आउट लाउड’ ही सोय मात्र स्क्रीन रीडर नव्हे. तिच्यावर निकाल देऊ नका. शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कुणाकडून एक प्रकरण वाचून घ्या आणि आलेखातून काय कळलं तेवढंच विचारा. त्यांनी सांगितलेलं आणि तुम्हाला सांगायचं होतं ते जुळलं नाही, तर मजकूर बदला.

ही तपासणी प्रसिद्ध करायच्या अगदी शेवटच्या फाइलीवर करा. आकार कमी करणारी आणि पानं जोडणारी काही साधनं टॅगांची उतरंड सरसकट फेकून देतात; काल पास झालेली फाइल आज मुकी निघते. आणि पीडीएफमध्येच जुनं चित्र काढून नवं बसवलंत, तर त्याचा टॅग उघडून बघा. चित्र बदललं तरी टॅग तोच राहू शकतो, आणि त्याच्यावर गेल्या वर्षीचे आकडे तसेच असतात.